संगीताच्या नावाचा दिवस

सन दोन हजार एक. वैशाख महिना. आमच्या तलावाचं पाणी उतरत आलं होतं. काठाला गुडघाभर, मधात छातीभर. मृग लागला की मासेमारी बंद, म्हणून सारी सोसायटी सकाळ-संध्याकाळ पाण्यात.

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातल्या एका गावच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. शिक्षण चौथी. हे किस्से मी जमवलेले नाहीत. दुपारी पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली माणसं फाटकं जाळं शिवत बसतात. हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. गाळ कोणी आणून टाकत नाही, तरी तलावात साचतो. किस्सेही तसेच साचतात.

यातले बहुतेक किस्से माझ्या मुलीच्या पीएचडीचे आहेत. मी हसत नाही, म्हणून लोक ते माझ्यासमोर मुद्दाम सांगतात. दर वेळी थोडे वाढवून सांगतात. आता मीच सांगतो. निदान जेवढे झाले तेवढेच राहतील.

* * *

संगीता माझी एकुलती एक. नागपूरला एम.सी.ए. झाली. चंद्रपूरच्या एका कॉलेजात तासावर शिकवत होती. त्या वैशाखात घरी आली, तडक पाळीवर आली आणि म्हणाली, "बाबा, मले कॉम्प्युटरमध्ये पीएचडी करायची आहे. हैदराबादले."

मी जाळं शिवत होतो. शिवतच राहिलो.

गोविंदा माझ्यापेक्षा वयानं मोठा. मन साफ, पण हिशेब हळू. त्यानं विचारलं, "अजून शिकतेच? काऊन, मागचं नापास झालं का?"

"नाई काका. पास झालं म्हणून तर पुढं घेतात."

गोविंदानं बराच विचार केला.

"म्हणजे नापास झाली असती तर आतापावेतो सुटली असती!"

* * *

मग तिनं काय-काय लागतं ते सांगितलं. एम.सी.ए. पहिल्या वर्गात पाहिजे. ते होतं. देशपातळीवरची एक परीक्षा पास पाहिजे. तीही झाली होती, आम्हाला सांगितली नव्हती. मग त्या संस्थेची वेगळी लेखी परीक्षा. मग मुलाखत. मग तिथल्या एका प्रोफेसरनं म्हणायचं, की हो, या मुलीला मी माझ्या हाताखाली घेतो. शिवाय ओळखणाऱ्या दोघांची शिफारसपत्रं, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नागपूरचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला.

"एवढं तर सोयरिकीतही पाहात नाई," श्रावण म्हणाला. श्रावण आमच्या सोसायटीचा सचिव. तोंडाचा फाटका.

"पण काका, प्रवेश झाला का दर महिन्याले पैसे तेच देतात. फेलोशिप म्हणतात त्याले."

जाळं शिवणारे सगळे हात थांबले.

"शिकणाऱ्यालेच पगार?" श्रावण म्हणाला. "मग नोकरीच होय ना ती."

"नाई. नोकरी केली तर पैसे बंद."

"अन् नाई केली तर?"

"चालू."

श्रावण माझ्याकडे वळला. "अध्यक्ष, आपल्या गावात अशे किती तरी जण आहेत. त्यायचाही अर्ज भरून टाका!"

* * *

शिफारसपत्रं तिच्या नागपूरच्या दोन सरांनी दिली. इंग्रजीत, टाइप केलेली. तिनं मला वाचून दाखवली. हुशार आहे, मेहनती आहे, असं काहीतरी होतं.

मी म्हणालो, "हे तुले किती वर्सापासून ओळखतात?"

"तीन."

"आम्ही जन्मापासून ओळखतो. आमचं पत्र काऊन नाई?"

ती समजावत होती, की असं चालत नाही. मी सभा बोलावली. सोसायटीत जे होतं ते ठरावानं होतं. श्रावणनं लिहायला घेतलं आणि प्रत्येकानं एक-एक गोष्ट सांगितली. ठराव असा झाला: सदर मुलगी खोटं बोलत नाही. पोहता येते. लहानपणी तलावात बुडणाऱ्या दुसऱ्याच्या बकरीला तिनं ओढून काढले आहे. घेतलेले काम अर्धवट टाकत नाही. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, एकमताने मंजूर. खाली माझी सही आणि सोसायटीचा गोल शिक्का.

संगीतानं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मला वाटलं, ठेवला असेल बापाचं मन राखायला.

मुलाखतीत तिनं तो दोन पत्रांच्या खाली लावून दिला. तिथं एक मराठी समजणारे प्रोफेसर होते. त्यांनी बाकीच्यांना इंग्रजीत वाचून दाखवला. संपल्यावर मुख्य साहेबांनी विचारलं, "बकरीचं काय झालं?"

"जगली, सर," संगीता म्हणाली.

त्यांनी कागदावर खूण केली.

* * *

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी तलाठ्याकडे गेलो. तरुण पोरगा होता, नवीन आलेला. त्यानं विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती? मी सांगितलं. धान इतकं, माशाचा वाटा इतका, आणि घरी खाल्लेले मासे इतके.

"घरी खाल्लेलं धरत नाहीत, भाऊ."

"काऊन? फुकटात आलं का?"

"तसं नाही. जास्त लिहिलं तर मुलीला सवलत मिळणार नाही."

"खरं लिहा. सवलत मिळो का न मिळो."

त्यानं पेन खाली ठेवलं. "भाऊ, इथं रोज माणसं येतात. कमी लिहा म्हणून हात जोडतात. तुम्ही पहिलेच, जे खाल्लेला मासा मोजून राह्यले."

तिथं तानाबाई बसली होती. तानाबाई आमच्या सोसायटीचा मासा मूलच्या बाजारात विकते. विधवा, एकटी, आणि तिच्यासमोर भाव करायची कोणाची छाती नाही. ती म्हणाली, "लिहा साहेब, पण तो मासा शिजवाले तेल लागलं, त्याचा खर्च वजा करा. मिरची वजा करा. याची बायको दिवसभर चुलीपुढं बसते, तिची मजुरी वजा करा."

तलाठ्यानं हिशेब केला. उत्पन्न पहिल्यापेक्षा कमी निघालं!

* * *

मुलाखतीच्या आधी संगीताला सराव पाहिजे होता. मोहाखाली सराव झाला. श्रावण उपड्या टोपलीवर मुख्य प्रोफेसर होऊन बसला. गोविंदा दुसरा प्रोफेसर. त्याला काही विचारायचं नव्हतं, फक्त मान हलवायची होती. ती त्यानं उत्तम हलवली.

"तुमचा विषय काय?" श्रावण.

"हातानं लिहिलेली मराठी अक्षरं कॉम्प्युटरले वाचता आली पाहिजेत. त्याची रीत शोधायची."

तानाबाई मधेच बोलली. "अन् तू हे नाई केलं तर कोणाचं अडते?"

संगीतानं सराव तिथंच थांबवला. रात्रभर बहुतेक विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तानाबाईला गाठून म्हणाली, "मावशी, तुमच्या भावाचं पत्र येते. तुमाले वाचता येत नाई. पोस्टमनची वाट पाहता. उद्या यंत्रानंच वाचून दाखवलं तर?"

"मग त्या पोस्टमननं माझ्या घरचा चहा कुठी प्यायचा?"

गंमत अशी, की हैदराबादला हाच प्रश्न आला. एका प्रोफेसरनं विचारलं, "हे संशोधन झालं नाही तर कोणाचं अडेल?" संगीताला हसू आवरलं नाही. तिनं तानाबाईचं सगळं सांगून टाकलं, चहासकट.

शेवटी मुख्य साहेबांनी विचारलं, "फेलोशिप यायला उशीर झाला तरी तुम्ही प्रवेश घ्याल का?"

ती म्हणाली, "घेईन, सर. फक्त फी कधी भरायची ते आधी सांगा. आमचा मासा मृगापर्यंतच निघतो."

साहेबांना समजलं नाही. मग तिनं समजावलं. त्यानंतर अर्धी मुलाखत तलावावरच झाली.

* * *

निवड झाल्याचं पत्र आलं. फी, हॉस्टेलचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे. सारं मृगाच्या आत भरायचं होतं. नाही भरलं तर जागा यादीतल्या पुढच्याला.

मी बँकेत गेलो. साहेब म्हणाले, ज्या कोर्सनंतर नोकरी लागते त्याला कर्ज आहे, पीएचडीला नाही. मी उठलो. घरात जे होतं ते काढलं. पुरत नव्हतं.

आमच्या सोसायटीत एक चाल आहे. एखाद्या घरी लग्न किंवा मौत झाली की आम्ही त्या घराला एक दिवस देतो. म्हणजे सगळ्यांनी जाळं ओढायचं, आणि त्या दिवसाचा सगळा मासा त्या घराचा. कोणी वाटा घ्यायचा नाही. तो दिवस पैशानं फिटत नाही. पुढं दुसऱ्या कोणाला दिवस दिला, की ज्यानं आधी घेतला त्यानं मधात उतरायचं. जाळ्याच्या मागं, छातीभर पाण्यात, पायाखाली गाळ. जाळं खोडात अडकलं तर बुडी मारून सोडवायचं. ते केलं, की फिटलं. मी अध्यक्ष झाल्यापासून किती तरी घरांना दिवस दिले. माझ्या घरासाठी कधी घेतला नाही.

त्यामुळे श्रावणनं विषय काढला तेव्हा मी म्हणालो, "माझ्या घरासाठी नको."

"मग तुमी सभेतून उठा. तुमच्या घरचा विषय आहे, तुमाले बसता येत नाई. नियम तुमीच केला."

नियम मीच केला होता. मी उठलो. पाळीच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. ऐकू येत होतं.

"चाल लग्नाची अन् मौतीची आहे," कोणीतरी म्हणालं. "ॲडमिशनची नाई."

"पोरगी बापाचं घर सोडून जाते का?" तानाबाईचा आवाज.

"जाते."

"बापाजवळचे पैसे सरले का?"

"सरले."

"घरात माय रडून राह्यली का?"

"राह्यली."

"मग लग्नच होय ते."

"अन् नवरदेव?" गोविंदानं विचारलं.

"नवरदेव नाई, म्हणून तर एका दिवसात भागून राह्यलं," तानाबाई म्हणाली. "नवरदेव असता तर साऱ्या तलावानं भागलं नसतं!"

ठराव मंजूर झाला. फक्त नाव कोणाचं टाकायचं यावर घोडं अडलं. माझं टाकलं तर मी ठराव मोडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. श्रावणनं संगीताचं टाकलं. "दिवस तिच्या नावावर. फेडाचा तिनंच. अध्यक्षाचा याच्याशी काई संबंध नाई."

सगळे हसले. बाईमाणूस मोठ्या जाळ्यात मधात उतरल्याचं आमच्या तलावानं पाहिलेलं नव्हतं.

संगीता हसली नाही. तिनं ठरावाखाली सही केली.

त्या दिवशी रोहू आणि कतला बरे निघाले. फी मृगाच्या आत भरली गेली.

* * *

बल्लारशाहून गाडी होती. मी सोडायला गेलो, सोबत श्रावण. ती खिडकीत बसली. तिनं सांगितलं, पोचल्यावर एसटीडीवर फोन करते. मी म्हणालो, बरं. गाडी सुटली.

परत येताना श्रावणनं विचारलं, "पोरीले काई बोलले नाई का जी?"

"बोललो ना."

"काय?"

"बरं म्हणालो."

श्रावण वर्षभर ही गोष्ट लोकांना सांगत होता. तेवढ्यासाठी मीही सांगतो. मी दोनदा म्हणालो होतो.

* * *

फेलोशिप येणार होती, पण आली नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. पोरगी फोनवर सांगायची, येईल बाबा, फाइल पुढं गेली आहे. तिची आई म्हणायची, आवाज बारीक झाला.

मी सुकी मासळी बांधून घेतली आणि गाडीत बसलो. संस्था मोठी. संगीताला न सांगता आधी पैशाचं ऑफिस विचारलं. आत एक क्लार्क होता. हिंदीत बोलला.

"क्या काम है?"

"पोरीच्या पैशाचं."

"फाइल साहब के पास है."

"साहेब?"

"छुट्टी पर."

"मग बसतो."

बाकावर बसलो. मांडीवर मासळीची पिशवी. दुपारपर्यंत खोलीत वास भरला. एकानं खिडकी उघडली. दुसऱ्यानं पंखा लावला, तेव्हा वास पलीकडच्या खोलीतही गेला. मला कोणी उठा म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी उघडायच्या वेळेला पुन्हा जाऊन बसलो. चहा आला. थोड्या वेळानं एक प्रोफेसर आले. ते संगीताचे गाइड निघाले. आत जाऊन बोलले, बाहेर आले आणि मराठीत म्हणाले, "सही झाली. मागचे सगळे महिने एकदम मिळतील. आपण काय करता?"

"मासे धरतो."

"कसे?"

"असेच. बसून."

मासळी संगीताच्या हॉस्टेलात गेली. तिनं मैत्रिणींना वाटली. वॉर्डनबाई तक्रार करायला आल्या आणि दोन मासे घेऊन गेल्या. संगीता आम्हाला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, तुमी आले होते म्हणून त्या ऑफिसात अजून मले लवकर मोकळं करतात."

मी म्हणालो, "बरं."

* * *

दुसऱ्या वर्षी ती चौकटी आखलेल्या कागदांचे गठ्ठे घेऊन आली. यंत्राला शिकवायला नाना तऱ्हेच्या माणसांची अक्षरं पाहिजेत. शिकलेल्यांची हैदराबादला आणि नागपूरला मिळाली होती. थोडं लिहिणाऱ्यांची मिळत नव्हती.

"ती तर इथी पोत्यानं आहेत!" श्रावण म्हणाला.

सगळी सोसायटी मोहाखाली लिहायला बसली. मीही. एका पानाला माझी दुपार गेली. गोविंदाला फक्त स्वतःच्या नावाची अक्षरं येत होती. तो बाजूला सरकून बसला.

संगीता त्याच्याजवळ गेली. "काका, तुमी तुमचं नावच लिहा. पानभर."

"त्याचा काय उपयोग?"

"लिहा तर."

त्यानं पानभर लिहिलं. मग दुसरं पान मागितलं. अंधार पडेपर्यंत लिहीत होता. हात भरून आला होता, पण उठेना.

पुढं एकदा फोन आला. यंत्र बहुतेक अक्षरं चुकतं, पण 'गोविंदा' कोणीही, कसंही लिहिलं तरी बिनचूक वाचतं. गोविंदानं एसटीडीच्या दुकानात सगळ्यांना सांगितलं, "हैदराबादले मले ओळखतात."

तानाबाई लिहायला बसली नव्हती. तिनं फोन हातात घेतला आणि ओरडून विचारलं, "पोरी, तुझा दिवस राह्यला आहे, ध्यानात आहे ना?"

"आहे, मावशी!"

तानाबाई दर फोनला हेच विचारायची. त्या वर्षांत आम्ही बऱ्याच घरांना दिवस दिले, लग्नांचे आणि मौतीचे. दर वेळी संगीताची परीक्षा तरी असायची, सेमिनार तरी, प्रबंध तरी. मधात दुसरं कोणी उतरायचं. दोनदा मी उतरायला निघालो. तानाबाईनं हाताला धरून काठावर आणलं. "नाव तुमचं आहे का?"

* * *

सन दोन हजार सात. पुन्हा वैशाखच. संगीताची शेवटची तोंडी परीक्षा झाली, पीएचडी मिळाली. ती घरी आली त्याच आठवड्यात भर दुपारी श्रावणच्या गोठ्यातल्या धानाच्या वाळल्या तणशीनं पेट घेतला. वारा होता. गोठ्यावरून घरावर. माणसं, बैल वाचले. बाकी छपरावरचे कवेलूसुद्धा फुटून खाली आले.

संध्याकाळी श्रावण राखेत उभा होता. म्हणाला, "उंदीर फार झाले होते. त्यायचा बंदोबस्त झाला."

कोणी हसलं नाही. मग तो खाली बसला.

त्याला दिवस द्यायला सभा लागली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे पाळीवर हजर. दोर दोन्ही काठांना गेले. मधात उतरायला गोविंदा कमरेला गमछा बांधत होता. वय झालं होतं त्याचं.

संगीता पाळीवरून खाली आली. आईचं जुनं लुगडं, कासोटा घातलेला. चपला तानाबाईजवळ काढल्या.

"काका, तुमी काठावर राहा."

गोविंदानं माझ्याकडं पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. मी काठावरचा दोर उचलला आणि हाताला वेढा घेतला.

"गाळात काटे आहेत," श्रावण म्हणाला.

"माहीत आहे."

ती उतरली. गुडघाभर, कमरभर, छातीभर. आम्ही ओढायला लागलो. जाळं दोनदा अडकलं. पहिल्यांदा तिनं हातानं सोडवलं. दुसऱ्यांदा पाण्याखाली गेली. दोर ताणलेला होता, हलत नव्हता. मग दोर एकदम सैल झाला आणि ती वर आली. तोंडावर गाळ, हातात बाभळीची काळी फांदी. फांदी तिनं काठाकडं फेकली आणि पुन्हा जाळ्यामागं लागली.

दोन काठ जवळ आले. पाणी उकळल्यासारखं झालं. एक कतला तिच्या खांद्यावरून उडून बाहेर गेला. बाकी मासा काठाला लागला. तानाबाईनं टोपल्या भरल्या आणि मूलला नेल्या. दुपारी परत आली, कमरेची पिशवी सोडून सगळे पैसे श्रावणच्या हातात ठेवले.

संगीता मोहाखाली पायातले काटे काढत बसली होती. श्रावण तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

मग म्हणाला, "फिटला, बाई."